तळहातावर आपटलेला मीटर

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मोटरी भरायच्या दुकानांत दुपारच्या वेळी वार्निशचा उग्र, किंचित गोडसर वास कोंडलेला असतो. तिथल्याच एका बाकावर पाहिलेली ही गोष्ट, म्हटलं तर अगदी किरकोळ. मिस्त्रींनी मल्टिमीटर उचलला, तळहातावर दोनदा सणसणीत आपटला आणि मग पिना मोटरच्या टर्मिनलला लावल्या. आकडा थरथरत राहिला. पुन्हा एकदा आपटल्यावर तो स्थिर झाला आणि मिस्त्रींनी तो खडूनं मोटरच्या अंगावर लिहूनही टाकला. "आपटल्याबिगर लागत न्हाई त्यो," शेजारी वाइंडिंगची तार सोलत बसलेला पोरगा कौतुकानं म्हणाला. दुकानात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मला मात्र तो खडूचा आकडा राहून राहून खटकत राहिला. आपटल्यावर आकडा थांबला हे खरं, पण जो थांबला तोच बरोबर होता, हे कशावरून? आपटण्याआधीचा चुकीचा आणि नंतरचा खरा, असं ठरवलं कुणी?

आपटल्यानं मीटर 'लागतो' याची कारणं मोजकीच असतात. पहिलं कारण म्हणजे फिरणारा स्विच. मीटर उघडला की मधोमध गोल पट्ट्यांची छापील तबकडी दिसते आणि स्विचच्या पोटाला चिमुकल्या स्प्रिंगसारख्या पत्र्याच्या पाकळ्या. या पाकळ्या त्या पट्ट्यांवरून घसरतात. वर्षानुवर्षांचं ग्रीस, धूळ आणि दमट हवा मिळून तिथं काळपट राप चढतो. आपटल्यावर पाकळी केसभर सरकते आणि तेवढ्यापुरता संपर्क जुळतो. उपाय सोपा आहे: आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला, धागे न सुटणारा कपडा, हलका हात आणि नंतर पूर्ण वाळायला वेळ. चांगल्या मीटरमध्ये या पट्ट्यांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो, त्यामुळे खोडरबर किंवा पॉलिश पेपर घासला तर मळाबरोबर मुलामाही जातो आणि खालचं तांबं पुढच्याच पावसाळ्यात हिरवं पडतं. गंज सोडवायचा स्प्रे इथं मारू नये. तो तेलाचा थर मागे ठेवतो आणि त्या थरावर धूळ आणखी जोमानं बसते. दुसरं कारण बॅटरीच्या स्प्रिंगवरचा क्षार. तिसरं, आणि सगळ्यात फसवं, म्हणजे पिना खोचायच्या सॉकेटचा तडकलेला सोल्डर. पिना हजारदा आत-बाहेर करून सॉकेट हलतं आणि त्याच्या पायाभोवती सोल्डरला गोल भेग पडते. भिंग लावल्याशिवाय ती दिसत नाही. जुनं सोल्डर ओढून काढून नवं भरलं की काम होतं. मीटर उघडायच्या आधीच निम्मी शंका वायरींवर घ्यावी. दोन्ही पिना एकमेकींना घट्ट टेकवून ओहमवर साधारण ०.२ ते ०.५ यायला हवं. मग पिनेच्या मुठीजवळ आणि सॉकेटच्या टोकाजवळ वायर वाकवून बघायची. आकडा उडाला तर आतल्या तारांचे धागे तुटलेत, त्यावर टेप गुंडाळून भागत नाही.

हे सगळे दोष दिसणारे आहेत. आकडा थरथरतो, गायब होतो, निदान शंका तरी येते. भीती वाटावी ती स्थिर दिसणाऱ्या चुकीच्या आकड्याची. स्वस्तातल्या ९ व्होल्टच्या मीटरचंच बघा. त्यातली बॅटरी सातच्या खाली उतरायला लागली की आतला तुलनेचा व्होल्टेजही खाली येतो. मीटर बिचारा त्या खालावलेल्या मापानं मोजतो, म्हणून समोरचा व्होल्टेज त्याला आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. १२.२ वर आलेली ट्रॅक्टरची बॅटरी १३ दाखवते आणि माणूस समाधानानं बॉनेट बंद करतो. डिस्प्लेच्या कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह कित्येकदा या घसरणीनंतर उगवतं, आणि उगवलं तरी 'अजून चालतंय की' म्हणून महिनाभर तसंच राहतं. मीटर मेला असता तर बरं झालं असतं, असं अशा वेळी वाटून जातं.

मेलेला मीटर कुणाचं काही बिघडवत नाही.

फ्यूजचीही हीच तऱ्हा. करंटच्या सॉकेटमागचा फ्यूज उडालेला असेल तर मीटर शून्य दाखवतो, आणि शून्य हा आकडा फार विश्वासू वाटतो. फ्यूज तपासायला मीटर उघडावाही लागत नाही. लाल पिन व्होल्ट-ओहमच्या सॉकेटमध्येच ठेवायची, स्विच ओहमवर आणि पिनेचं टोक अँपिअरच्या सॉकेटात खुपसायचं. जवळजवळ शून्य आलं तर फ्यूज शाबूत. मिलिअँपिअरच्या सॉकेटात काही ओहमपासून साधारण एक किलोओहमपर्यंत येतं, मॉडेलनुसार. काहीच आलं नाही तर फ्यूज गेला. इथवर ठीक. गंमत, खरं तर गंमत कसली, त्यानंतर सुरू होते. मूळ फ्यूज सिरॅमिकचा, आत वाळू भरलेला, हजारो अँपिअरचा लोंढा तोडू शकणारा. तो महाग आणि हाताशी नसतो. मग रेडिओतला काचेचा फ्यूज बसवला जातो, किंवा तारेचा एक पदरच. काचेच्या छोट्या फ्यूजची तोडायची क्षमता काही प्रकारांत ३५ अँपिअर किंवा रेटिंगच्या दहापट एवढीच असते. पिना अँपिअरच्या सॉकेटात विसरून कुणी ४१५ व्होल्टच्या पॅनेलला टेकवल्या तर तो थेट शॉर्ट. त्या क्षणी वाळू वितळून ठिणगी गिळते. काच मात्र फुटते, आत धातूची वाफ होते आणि मीटर हातात असताना पेटतो. बाहेरून दोन्ही मीटर सारखेच दिसतात, अंगावरची कॅट ३ ची, म्हणजे सुरक्षेच्या दर्जाची, अक्षरंही तीच. त्या अक्षरांना अर्थ आहे तो आतल्या फ्यूजमुळेही, हे दुसऱ्याचा मीटर हातात घेताना आठवलेलं बरं.

आपल्याकडे जूनच्या मध्यावर एकदा गगनबावड्याकडून काळं झाकोळून आलं की सप्टेंबरपर्यंत कपाटांना कुबट वास धरतो. चपलांवर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी, हे सगळ्यांना माहीत. मीटरच्या पोटात काय होतं ते दिवाळीच्या सफाईत कळतं. झाकण उघडावं तर सेलच्या टोकाला पांढरी भुकटी. अल्कलाइन सेल उतरत जातो तसा आत हायड्रोजन साठतो, तळाचं सील दमतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर पाझरतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा तो पांढरा क्षार होतो. हा अल्कली असल्यामुळे त्यावर पातळ व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कापसाच्या काडीनं लावायचा. फसफसणं थांबलं की डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल. जुन्या पद्धतीचा झिंक-कार्बन सेल मात्र आम्लधर्मी क्षार ओकतो, तिथं लिंबू चालत नाही, खायच्या सोड्याचं पाणी लागतं. सेलवरचं नाव वाचूनच बाटली उचलावी. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा, कारण अल्कलीचा थेंब डोळ्यात गेला तर इजा खोल होते. लाल-काळ्या वायरीचं टोकही तपासावं. तो द्रव वायरीच्या आवरणाखालून तांब्यावर चढत जातो. वरून धडधाकट वायर सोलली की आत काळीठिक्कर, सोल्डर धरायलाच तयार नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जायचं किंवा सरळ नवी वायर घालायची. दोन महिने मीटर लागणार नसेल तर सेल काढून ठेवणं एवढाच खात्रीचा उपाय. त्यासाठी ब्रँड बदलत बसणाऱ्यांची मला मौज वाटते.

ठेवायचं कुठं, हा पुढचा प्रश्न. कपाटापेक्षा रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा बरा, आणि डब्यात सिलिका जेल. पण पापडाच्या डब्यासारखंच आहे हे: झाकण ढिलं असेल तर आत काहीही टाकून उपयोग नाही. कोल्हापुरात जुलैत बाहेरची आर्द्रता नव्वदीला टेकते, फटीतून येणारी हवा दोन दिवसांत जेल संपवते. निळं जेल ओल धरल्यावर गुलाबी होतं. त्यातला रंग कोबाल्ट क्लोराइडचा, विषारी, म्हणून ते स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजायला घेऊ नये. नारिंगी जेल गर्द हिरवं होतं, ते त्या मानानं बरं. ११० अंशांच्या आसपास दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा कामाचं. आत छोटा आर्द्रतामापक ठेवला तर उत्तमच, पण तोही मीटरच, त्याच्यावर तरी एकदम विश्वास का ठेवायचा? बाटलीच्या झाकणात जेवणातलं मीठ घ्यावं, पाण्याचे थेंब टाकून ओलसर लगदा करावा (विरघळू द्यायचं नाही), मापक आणि झाकण हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवावं. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. ८० दिसले तर पाच वजा करून वाचायचे. डब्यात ४० ते ५० टक्के राखता आले म्हणजे पुष्कळ. अगदी कोरडं केलं तर स्थिर विजेची कटकट सुरू होते. एक सवय मात्र तोडायलाच हवी, मीटरभोवती वायरी गुंडाळून ठेवायची. पीव्हीसीला मऊ ठेवणारं तेलकट रसायन हळूहळू मीटरच्या प्लास्टिकमध्ये शिरतं आणि वर्षभरात कवचावर वितळल्यासारख्या खोल रेघा उमटतात. डिस्प्लेच्या काचेवर वायर टेकली असेल तर ती रेघ आकड्यांच्या मधोमध. पेटीतला फोमही तसाच. तो दमट हवेत स्वतःच विरघळायला लागतो आणि एके दिवशी चिकट काळा लगदा बोटाला लागतो. त्याऐवजी जुन्या सुती साडीचा तुकडा चांगला.

पावसाळ्यात मेगर, म्हणजे इन्शुलेशन तपासायचा मीटर, वापरणाऱ्यांनी तर आधी मेगरवरच संशय घ्यावा. नदीकाठच्या मोटरी ऐन पावसात भरायला येतात, मेगर लावला की इन्शुलेशन कमी, आणि बिल वाढतं. पण मेगरच्या दोन्ही वायरी मोकळ्या, हवेत लटकत ठेवून आधी हँडल फिरवून बघावं. अनंत यायला हवं. वायरी एकमेकींत पिळलेल्या, ओल्या फरशीवर पडलेल्या, पिनेच्या मुठीवर घामट हात, यातलं काहीही असलं तरी काटा शेकडो मेगओमवर लोळतो. त्या पृष्ठभागावरच्या ओलीतून करंट जातोय, मोटरमधून नाही. टर्मिनलची पाटी कोरड्या कपड्यानं पुसली, अल्कोहोलचा हात फिरवला आणि वायरी वेगळ्या टांगल्या की कधी कधी मोटर आपोआप 'बरी' होते.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतली धूळ हे आपलं खास प्रकरण. वाळू, कोळशाची पूड आणि लोखंडाचे कण. साधी धूळ उष्णता अडवते, ही धूळ वीज वाहते. तारेभोवती जबडा मिटून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरच्या जबड्याची तोंडं बघा, काळा थर दिसेल. ती दोन तोंडं पूर्ण मिटली नाहीत तर चुंबकीय वाट तुटते आणि करंट कमी दिसतो. कागदाच्या जाडीची फटही पुरते. अल्कोहोलनं पुसायचं, कानशीनं घासायचं नाही. डीसी मोजणाऱ्या क्लॅम्पला दर वेळी आधी शून्य करून घ्यायचं, कारण मोठा करंट मोजून झाल्यावर गाभ्यात थोडं चुंबकत्व उरतं. शिवाय जिथं इन्व्हर्टर ड्राइव्ह आणि इंडक्शन फर्नेस, तिथं करंटची लाट सरळ साइनसारखी नसते. सरासरी मोजून आकडा काढणारा साधा क्लॅम्प, सिंगल फेज डायोड रेक्टिफायरच्या करंटला ४० टक्क्यांपर्यंत कमी दाखवू शकतो. केबल हाताला चटका देते आणि मीटर म्हणतो सगळं आलबेल. काट्याचे जुने मीटर, नाशिकच्या मोटवानेंचे वगैरे, अजून काही दुकानांत जिवापाड जपलेले दिसतात. त्यांच्या काट्यामागे कायमचा चुंबक असतो आणि तो लोखंडाची पूड ओढून घेतो. एक कण फटीत अडकला की काटा तिथंच थबकतो, वर जाताना एक आकडा आणि खाली येताना दुसरा. बारीक काडीच्या टोकाला चिकट मातीचा कण लावून तो वेचून काढावा लागतो, श्वास रोखून. फुंकर मारली तर तो आणखी आत. कॉम्प्रेसरची हवा तर कुठल्याच यंत्रावर नको, तिच्यात पाणी आणि तेल दोन्ही असतं. मऊ ब्रश आणि शेजारी व्हॅक्युमची नळी, एवढंच पुरतं. पंखा असेल तर पातं बोटानं धरून ठेवायचं, कारण हवेनं गरगरणारा पंखा जनित्र होऊन उलटा व्होल्टेज बोर्डात ढकलतो.

सीआरओ, म्हणजे विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारं यंत्र, त्याबद्दल लिहिताना हात जरा मऊ होतो. कॉलेजांच्या स्टोअररूममध्ये, मोडक्या स्टुलांखाली, हिरव्या पडद्यांचे किती सीआरओ झोपलेत कुणास ठाऊक. असा एखादा आणला की पहिला मोह थेट प्लग लावायचा, आणि इथंच तो दगावतो. वर्षानुवर्षं व्होल्टेज न मिळालेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर झिजलेला असतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिला तर ते तापतात, फुगतात आणि कुजक्या मासळीसारखा वास सुटतो. आत साधा ट्रान्सफॉर्मर असेल तर डिमरस्टॅटवरून (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवरून) टप्प्याटप्प्यानं चढवत, काही तास घेऊन थर पुन्हा बसवता येतो. आत स्विचिंग सप्लाय असेल तर डिमरस्टॅट उलटा घातक, कमी व्होल्टेजला असा सप्लाय जास्त करंट ओढायला बघतो. तिथं सिरीज लॅम्प, म्हणजे मेन्सच्या वाटेत जोडलेला बल्ब. १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब थंड असताना चाळीसेक ओहम आणि पेटल्यावर पाचशेच्या वर जातो. क्षणभर लखलखून मंदावला तर ठीक, तसाच भगभगत राहिला तर आत शॉर्ट. एलईडी बल्बनं हे होत नाही, म्हणून असा एखादा जुना बल्ब सांभाळून ठेवावा. प्लग लावायच्या आधी मेन्सच्या बाजूचे पिवळसर पारदर्शक कवचाचे कागदी कपॅसिटर शोधायचे. कवचाला बारीक भेगा दिसल्या की आत ओल शिरलेलीच आहे, असे कपॅसिटर न विचारता बदलावेत, नाहीतर काही मिनिटांत खोलीभर धूर. पिक्चर ट्यूबच्या मागे साध्या २० मेगाहर्ट्झच्या सीआरओतही दोन हजार व्होल्टच्या आसपास असतात, बंद केल्यावरही थोडा वेळ. आणि प्लगची अर्थची पिन कापलेली असेल तर ती आधी जोडायची. मोटर ड्राइव्ह बघताना प्रोबच्या काळ्या चिमट्यानं फ्यूज उडतो म्हणून लोक ती कापतात. मग अख्खं लोखंडी खोकं फेजवर तरंगतं आणि आपण त्याची बटणं फिरवत बसतो. त्या कामाला डिफरन्शियल प्रोब असतो. प्रोबचंही एक सांगायलाच हवं: १० पट अवस्थेत ठेवून पुढच्या १ किलोहर्ट्झच्या चौकोनी लाटेवर लावायचा आणि कोपरे धारदार होईपर्यंत प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरनं स्क्रू फिरवायचा. कोपरे गोल असतील तर वेगवान सिग्नल छोटा दिसतो, वर शिंगं आली असतील तर मोठा. चॅनल बदलला की पुन्हा तपासायचं. काही जुन्या यंत्रांत, एचपी ३४७८ए सारख्या, कॅलिब्रेशनची माहिती ३ व्होल्टच्या लिथियम सेलवर जिवंत असलेल्या मेमरीत असते. सेल सरळ काढला की सगळी माहिती पुसली. आधी बाहेरून समांतर सेल जोडायचा आणि टाका देताना सोल्डरिंग आयर्नचा प्लग भिंतीतून उपसायचा, नाहीतर टोकाच्या अर्थिंगमधून तोच सेल शॉर्ट होतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगा शाहूपुरीपर्यंत आली, तेव्हा पाण्यात बुडालेल्या यंत्रांचं काय करायचं हे बऱ्याच जणांना घाईत ठरवावं लागलं. घाईतली पहिली चूक म्हणजे वाळलं असेल म्हणून चालू करून बघणं. खरं तर गाळ वाळायच्या आत धुवायला हवं, आणि धुवायचं पाण्यानंच. सेल काढायचे, कवच उघडायचं, स्वच्छ पाण्याची हलकी धार, मऊ ब्रश, शेवटी डिस्टिल्ड वॉटर आणि अल्कोहोल. उघडे रिले, व्हॉल्यूमचे पॉट आणि ट्रिमर पाणी पोटात धरून बसतात, ते बहुधा बदलावेच लागतात. ट्रान्सफॉर्मर ५०-६० अंशांवर दीड-दोन दिवस. मग मेन्सकडचे कपॅसिटर आणि सर्ज अडवणारे एमओव्ही सोडवून, वाइंडिंग आणि गाभा यांच्यात ५०० व्होल्टचा मेगर. दहा-वीस मेगओमसुद्धा येत नसतील तर आणखी दोन दिवस. काट्याच्या मीटरच्या चुंबकात गाळ गेला असेल तर त्याचा नाद सोडावा, मन कितीही होत नसलं तरी.

राहता राहिलं कॅलिब्रेशन. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या मान्यतेच्या प्रयोगशाळेचं किंवा मुंबईच्या 'आयडेमी' या सरकारी संस्थेचं प्रमाणपत्र पेटीत घडी घालून ठेवलं जातं ते ऑडिटरला दाखवायला. ते वाचायचं असतं हे कमी जणांना वाटतं. त्यात बघायचा तो समायोजन करण्याआधीचा आकडा. मीटर किती सरकला होता ते त्यातून कळतं, आणि त्याच्या आधीच्या वर्षभरात केलेल्या मोजमापांचं काय करायचं तेही. वर्षाची वाट न बघता घरच्या घरी एक डबी करता येते: ०.१ टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर, १०० ओहम, १० किलोओहम, १ मेगओम, आणि अचूक ५ व्होल्ट देणारी एखादी रेफरन्स आयसी. महिन्यातून एकदा मीटर लावायचा आणि आकडे वहीत तारखेसकट लिहायचे. सगळे एकाच दिशेनं सरकले तर मीटर किंवा त्याचा सेल, एकच सरकला तर तो रेझिस्टर किंवा ती रेंज. मेन्सवर काम करताना तर आधी चालू सॉकेटवर, मग बंद सर्किटवर, मग पुन्हा चालू सॉकेटवर मोजायचं, शून्याची खात्री तेव्हाच होते. १ मेगओमचा रेझिस्टर मोजताना त्याची दोन्ही टोकं बोटांत चिमटीत धरू नयेत. अंगाचा रोध त्याला समांतर जातो आणि जुलैतल्या घामट हातांना तो बराच कमी दिसतो. मगरचिमटे लावावेत.